उंटाची हजामत

त्या रस्त्यावर केस कापायची दोन दुकानं होती, अगदी समोरासमोर, आणि दोन्ही सख्ख्या भावांची. एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. धाकट्याला आता नात झाली होती, मिशीत काळा केस औषधालाही उरला नव्हता, तरी सगळा रस्ता त्याला अजून धाकटाच म्हणायचा. त्याची त्याला इतकी सवय झाली होती, की कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळून दुसरंच कोणी आलंय का ते बघायचा. हात मात्र असा हलका, की दाढी करून घेता घेता गिऱ्हाइकं घोरायला लागत. जीभ तेवढी हलकी नव्हती. माणूस खुर्चीत बसला आणि त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, की तो बिचारा धाकट्याच्या ताब्यात. मग हवामानापासून देवापर्यंत सगळ्यावर धाकट्याचं मत ऐकल्याशिवाय त्याची सुटका नाही.

शनिवारी सकाळी चर्चचे पाळकसाहेब दाढीला येत. पाळकसाहेब मोठे धोरणी. एकाच मंडळीतले दोन न्हावी, तेही भाऊ, तेही एकमेकांशी न बोलणारे. म्हणून ते दाढी धाकट्याकडे करत आणि केस थोरल्याकडे कापत, आणि इकडचा शब्द तिकडे नेत नसत. वाद घालायला त्यांनाही आवडायचं. पण वस्तरा गळ्यावर असेपर्यंत ते धाकट्याच्या प्रत्येक म्हणण्याला 'हं' म्हणत. खरं उत्तर ते तोंड पुसून झाल्यावर देत, आणि तेही खुर्चीतून उठून, दाराच्या दिशेने दोन पावलं टाकल्यावर.

त्या शनिवारचा वाद उंटाचा होता. आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला होता तो सुईच्या नाकावर. सुईच्या नाकातून उंट जायचा नाही, आणि माणूसही आपल्या बळावर देवाच्या राज्यात शिरायचा नाही. माणसाला हे जमणारं नाही, देवाला न जमणारं काही नाही, असा एकूण अर्थ. मंडळीने ऐकलं, माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवून झोपली. धाकट्याच्या डोक्यात मात्र तो उंट शिरला, तो बाहेर पडायचं नाव घेईना; घरी बायकोलाही आठवडाभर उंटच ऐकावा लागला.

"मी विचार केला," धाकटा वस्तरा पट्ट्यावर घासत म्हणाला, "की उंट आधी भादरायचा. केस उतरवले की निम्मा उंट कमी होतो, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. मग त्याला थोडे दिवस उपाशी ठेवायचं. आणि सुई घ्यायची ती गोणपाट शिवायची, दाभण. आता सांगा, फरक असा कितीसा राहिला?"

वस्तरा हनुवटीखाली होता. पाळकसाहेब म्हणाले, "हं."

तेवढा फरक देवाने सांभाळून घ्यावा, असं धाकट्याचं म्हणणं पडलं. निम्मं माणसाने करावं, निम्मं देवाने, हे कसं न्यायाला धरून होतं. सगळंच देवाने करायचं म्हणजे माणसाला लाज नको का? पाळकसाहेबांनी आणखी एकदा 'हं' केलं, तोंड पुसून घेतलं, आरशात दोन्ही गाल तपासले आणि मग उठले.

"उंट बारीक करायला कोणी सांगितलेलंच नाही," ते म्हणाले. "तुम्ही जन्मभर भादरलात तरी तो उंटच राहणार. आपल्याच्याने होत नाही, एवढं कबूल करायचं. तारणारा निम्मं काम करत नाही, तो सगळं करतो."

"आणि माणसाने काय नुसतं बसून राहायचं?"

"बसून बघा," पाळकसाहेब दारातून म्हणाले. "वाटतं तेवढं सोपं नाही ते."

आता खरं सांगायचं तर धाकट्याला त्या उंटाचं काही पडलेलं नव्हतं. त्याच्या जिवाला घोर होता तो खुर्चीचा.

खुर्ची म्हणजे वडिलांची. लोखंडी, लाल चामड्याची, पायाने दांडा दाबला की वर उचलणारी आणि मागे रेललं की अलगद आडवी होणारी. चार जाड बोल्टांनी ती वडिलांच्या दुकानात जमिनीला जखडलेली होती आणि नुसतं तिच्यात बसायला मिळावं म्हणून लोक लांबून येत. वडिलांचा एक नियम होता: न्हाव्याने स्वतःच्या डोक्याला हात लावायचा नाही. म्हणून शनिवारी दुकान बंद करण्याआधी दोघा भावांनी एकमेकांचे केस कापायचे, बोलाचाली असो वा नसो. वडील होते तोवर हे बिनबोभाट चाललं.

वडील गेले. थोरला दुःखाने खचलेल्या आईला घेऊन काही दिवस मावशीकडे गेला, आणि इकडे धाकट्याच्या डोक्यात किडा वळवळला. दादा थोरला, तेव्हा दुकान दादाचं, नाव दादाचं, खुर्चीही दादाचीच होणार. मग आपल्याला काय, पाण्याचा फवारा? त्याने समोरचा गाळा भाड्याने घेतला, पान्याने चारही बोल्ट काढले, हमाल लावले आणि खुर्ची भरदिवसा रस्ता ओलांडून नेली. थोरला परत आला. त्याने जमिनीतली चार भोकं पाहिली, रस्त्यापलीकडे पाहिलं, घरून एक लाकडी खुर्ची आणून तिच्यावर उशी टाकली आणि पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, बसा. धाकट्याला तो चकार शब्द बोलला नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर धाकट्याला बरं वाटलं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

त्या दिवसापासून धाकट्याच्या आरशात कायमचं एक चित्र बसलं. पुढे गिऱ्हाइकाचं डोकं, आणि त्याच्या मागे, रस्त्यापलीकडे, लाकडी खुर्चीवर वाकलेला दादा. लाकडी खुर्ची वर उचलत नाही. मग माणूसच खाली वाकतो. दर थोड्या वेळाने दादा सरळ व्हायचा आणि कमरेवर हात ठेवायचा. धाकट्याला ते सहन होईना, आणि जाऊन पाय धरायचे तर तेही होईना. रिकाम्या हाताने जायचं कसं? आधी आपण काहीतरी करून दाखवायचं, आपलं पारडं बरोबरीला आणायचं, आणि मग ताठ मानेने दादापुढे उभं राहायचं, असं त्याने ठरवलं.

मग सुरू झाली ती सेवा. दुकान बंद असेल त्या दिवशी वृद्धाश्रमात जाऊन सगळ्यांचे केस फुकट. अंथरुणाला खिळलेल्यांच्या दाढ्या घरी जाऊन. चर्चच्या फाटकाला रंग, बाकांचे खिळे, घंटेच्या दोराला नवी गाठ. मंडळीत लोक म्हणत, माणूस असावा तर असा. आणि हा माणूस प्रभुभोजनाची वेळ झाली, लोक भाकर आणि प्याला घ्यायला पुढे निघाले, की शेवटच्या बाकावर बसून आपले बूट निरखत राही. त्याला कोणी मना केलं नव्हतं. प्रभूचं ते मेज ज्यांचं पारडं कधीच बरोबरीला येत नाही त्यांच्यासाठीच मांडलेलं असतं, हे पाळकसाहेबांनी त्याला परोपरीने सांगून पाहिलं होतं. धाकट्याचं उत्तर ठरलेलं. अजून थोडं बाकी आहे. आणि ते थोडं काही केल्या संपेना, कारण वृद्धाश्रमातून मोठ्या समाधानाने यावं, दुसऱ्या दिवशी दुकान उघडावं, आणि आरशात दादाने कमरेवर हात ठेवलाच.

हे असंच तो मरेपर्यंत चाललं असतं. पण मुलीला मुलगी झाली.

बाळाचा बाप्तिस्मा उंटाच्या वादाच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी होता. त्यांच्या चर्चमध्ये रीत अशी, की जो मूल हातात घेऊन पुढे येतो तो त्याच उपासनेत घरच्यांबरोबर प्रभुभोजनही घेतो. मुलगी आठवड्याच्या सुरुवातीला बाळाला घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, बाबा, हिला तुम्ही धरायचं. धाकट्याने कात्री शोधायला सुरुवात केली, जी त्याच्या हातातच होती. मग म्हणाला, मी आपला मागे बसूनच बरा, मला अजून... पुढचं तिने त्याला बोलूच दिलं नाही. तिचा स्वभाव बापावर गेलेला.

"तुमची ती बरोबरी व्हायच्या आत माझी मुलगी म्हातारी होईल, बाबा," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत सांगा. नाहीतर मी काकांना विचारते."

एवढं बोलून ती बाळाला खांद्यावर टाकून निघून गेली. बाळ जाता जाता आईच्या खांद्यावरून आजोबाकडे बघून हसलं, हे आणखी वाईट झालं. धाकट्याचं दोन दिवस जेवणात लक्ष लागेना. आपल्या नातीला दादा धरणार आणि आपण शेवटच्या बाकावरून बूट बघणार. पण तोंड कुठल्या तोंडाने उघडायचं? आपण दादाची खुर्ची नेली. आता दादा आपल्या जागी उभा राहणार. न्यायाचं तर हेच, आणि न्याय न्याय म्हणून ओरडणारा तो स्वतःच.

शनिवारी दुपार झाली तरी त्याने मुलीला काही सांगितलं नाही. निदान शेवटच्या बाकावर नीटनेटकं बसावं, एवढं मात्र त्याने ठरवलं. केस मानेवर आले होते. आता तुम्ही विचाराल, इतकी वर्षं याचे केस कापत कोण होतं? तर स्टेशनजवळचा एक न्हावी, ज्याला हा कोण ते ठाऊक नव्हतं. धाकटा बसने तिथे जायचा आणि आपण शिंपी आहोत असं सांगायचा. त्या दिवशीही तो गेला, आणि बघतो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, गावाला गेलाय, आठवडाभर तरी येत नाही. धाकटा तसाच परत फिरला.

बसमध्ये त्याला वाटलं, एवढं काय मोठं? जन्मभर हेच केलं, समोर मोठा आरसा आहे, मागे एक धरला की झालं. वडिलांचा नियम आठवला, पण वडील आता कुठे बघायला येणार होते. संध्याकाळ होत आली होती. त्याने दुकानाचा पडदा ओढला, मागच्या खिळ्याला हातआरसा टांगला, खुर्चीत बसला आणि कात्री मानेमागे नेली.

हात हलका होता, पण तो दुसऱ्याच्या डोक्यावर. आरशातल्या आरशात आपलाच हात परका दिसायला लागला. वर न्यावा तर खाली जाई, जवळ आणावा तर लांब जाई. पहिल्याच घावाला डावीकडे एक खाच पडली. काही हरकत नाही, म्हणून त्याने उजवी बाजू डावीच्या बरोबरीला आणली. ती जरा जास्तच वर गेली. मग डावी उजवीच्या बरोबरीला. मग परत उजवी. बरोबरी करता करता केसांची रेघ कानांच्या वर चढली आणि मधोमध एक शेंडा राहिला, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा. धाकट्याला घाम फुटला. सगळंच उतरवून टाकावं म्हणून त्याने वस्तरा घेतला, तो मागे नेला आणि पहिल्याच ओढीला कानामागे कापलं. ज्या हाताने आयुष्यात कोणाच्या गालावर ओरखडा काढला नव्हता, त्या हाताला आता स्वतःचंच रक्त लागलं होतं.

एवढ्यात, हा अजून घरी का आला नाही म्हणून बायको बघायला आली. तिने पडदा सारला, एक नजर टाकली आणि बाकावर बसली. आधी तिने पदर तोंडाला लावला. मग तिला ते आवरेना. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मध्येच श्वास घ्यायला थांबून, भादरला का एकदाचा उंट, असं म्हणून पुन्हा हसत सुटली. धाकटा चिडला, मग रडवेला झाला, मग त्याने टोपी घालून जाण्याची गोष्ट काढली. बायको म्हणाली, चर्चमध्ये टोपी? मग तो म्हणाला, तूच थोडं सारखं कर.

बायकोने डोळे पुसले. आता ती हसत नव्हती.

"मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "हे तुमच्याच्याने व्हायचं नाही, आणि माझ्याच्याने तर नाहीच. समोर दिवा जळतोय. जा."

"काय घेऊन जाऊ?" धाकट्याने विचारलं.

"हे डोकं आहे ना," ती म्हणाली. "तेच घेऊन जा."

धाकट्याने वस्तरा मिटून ठेवला. इतक्या वर्षांत त्याने दादापुढे काय काय बोलायचं ते घोळून घोळून पाठ केलं होतं. आश्रमातले म्हातारे, फाटकाचा रंग, सगळं त्यात नीट रचलेलं होतं. आता आरशात पाहावं तर त्या भाषणाला शोभेल असं डोकंच उरलं नव्हतं. शेवटी त्याने मानेभोवतीचं कापड तसंच ठेवून डोक्यावर टॉवेल टाकला आणि रस्त्यावर पाऊल टाकलं. रस्ता तो केवढा, दहा ढांगांचा. पण भाजीवाली बघत राहिली, सायकलवाला थांबला, आणि त्या दोन दुकानांमध्ये इतक्या वर्षांत दोघा भावांपैकी कोणी ओलांडली नव्हती ती जागा धाकट्याने डोक्यावर टॉवेल घेऊन ओलांडली.

थोरला कात्र्या पुसत होता. त्याचं डोकं आता गुळगुळीत झालं होतं. कानांच्या वर थोडे केस उरले होते ते वहिनी महिन्यातून एकदा छाटून द्यायची. त्याने वर पाहिलं. धाकट्याने टॉवेल काढला.

"दादा," तो म्हणाला, "माझ्याच्याने होत नाही रे."

थोरला त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. हसू नये म्हणून त्याने ओठ आवळले होते, पण पोट हलत होतं.

"बस," तो म्हणाला.

धाकटा लाकडी खुर्चीवर बसला आणि बसल्या बसल्या त्याला तोंड फुटलं. दादा, माझं चुकलं, मी उद्याच्या उद्या खुर्ची... थोरल्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पुढे वाकवलं. मान खाली, तो म्हणाला. धाकट्याने मान खाली घातली, पण तो गप्प बसेल तर धाकटा कसला? तो गुडघ्यांशी बोलू लागला, आश्रमाचं काढलं, फाटकाचं काढलं, बोलताना मान हलली आणि थोरल्याची कात्री हवेतच थांबली.

"हलू नकोस. तू हललास की मला कापता येत नाही. काही करू नकोस. हातसुद्धा खाली ठेव."

धाकट्याने हात मांडीवर ठेवले. जन्मात कधी ते हात इतके रिकामे नव्हते. कापडाखाली ते चुळबुळत राहिले आणि मग हळूहळू गप्प झाले. मानेवर दादाची बोटं फिरत होती, तशीच खरखरीत, कानाच्या पाळीला दोन बोटांनी धरून बाजूला करायची तीच जुनी लकब. धाकट्याच्या नाकावरून पाणी टपकून कापडावर पडलं. पुसायला हात वर करायची चोरी, म्हणून त्याने ते तसंच पडू दिलं.

मग थोरला बोलला, कात्री न थांबवता. चार भोकं पाहिली त्या दिवशी मनातल्या मनात तुला इतक्या शिव्या घातल्या की आईला कळतं तर तिने मला घराबाहेर काढलं असतं, तो म्हणाला. पण शनिवार आला, संध्याकाळ झाली, आणि आपण कात्री घेऊन तुझी वाट बघत बसलो आहोत हे लक्षात आलं. तेव्हाच कळलं की राग गेला. त्यानंतर प्रत्येक शनिवारी हा दिवा तुझ्यासाठीच उशिरापर्यंत ठेवतो, वहिनीला विचार.

"मग सांगितलं का नाहीस?" धाकटा गुडघ्यांना म्हणाला.

"किती वेळा दारात येऊन उभा राहिलो. तू मला बघितलंस की आत जाऊन झाडू मारायला लागायचास." थोरल्याने फणी झटकली. "आणि तो कोण तुझे केस कापतो, त्याची कात्री काढून घ्यायला पाहिजे. इतकी वर्षं तुझी मान तिरकी. समोरून बघून बघून माझे डोळे दुखले."

धाकट्याला हसू फुटलं, रडता रडताच. हलू नकोस म्हटलं ना, म्हणून दादाने त्याच्या टाळूवर फणीने टपली मारली. जरा वेळाने धाकट्याने हळूच विचारलं, मुलगी आली होती का?

"दुपारी आली होती. मी नाही म्हणालो. म्हटलं, बाळाला तुझा बाप धरील." मग कात्री चालवत थोरला म्हणाला, "दुसऱ्याची जागा उचलून न्यायची सवय आपल्यात एकालाच आहे."

हे लागलं, आणि लागायचं तिथेच लागलं. पण धाकट्याला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्या शिव्यांची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली होती त्या अशा एका वाक्यात, कात्रीच्या तालावर येऊन गेल्या. थोरल्याने मागची खाच पुसली जाईल इतके सगळेच केस बारीक केले, कानामागच्या जखमेला तुरटी लावली, मानेवरचे केस फुंकून उडवले आणि आरसा धरला. डोकं लहान दिसत होतं, शाळेत जाणाऱ्या पोरासारखं, पण मान सरळ होती.

धाकटा उठला आणि सवयीने म्हणाला, आता तू बस, तुझे कापतो. बोलून गेला आणि मग त्याने दादाच्या डोक्याकडे पाहिलं. दोघांनीही आरशात त्या गुळगुळीत डोक्याकडे पाहिलं.

"काय कापणार?" थोरला म्हणाला. "तुला द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि मला घ्यायला तुझ्याकडे काही नाही. गप घरी जा."

"निदान खुर्ची तरी आणतो, दादा. म्हणजे मिटेल."

थोरल्याने कापड झटकलं. त्याची घडी घालता घालता तो म्हणाला, "खुर्ची आणलीस म्हणून मिटणार नाही. मिटलेलंच आहे, म्हणून आण. आणि बोल्ट विसरू नकोस, माझी कंबर मोडली आहे."

धाकटा बाहेर आला तेव्हा बायको समोरच्या दारात उभी होती. तो रस्त्याच्या मध्येच थांबला आणि त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून मागची मान तिला दाखवली. भाजीवालीलाही दाखवली. मग घरी न जाता तो तसाच मुलीकडे गेला, आणि तिने दार उघडलं तेव्हा त्याने बाळासाठी हात पुढे केले. मुलीने त्याच्या डोक्याकडे पाहिलं, ते कोणाच्या हातचं काम आहे हे तिला बघताक्षणी कळलं, आणि तिने बाळ त्याच्या हातात दिलं.

रविवारी चर्च भरलं होतं. बाळाने बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडताच सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असा सूर लावला आणि मग आजोबाच्या छातीशी येऊन एकदम गाढ झोपलं, एका मुठीत त्याची मिशी घट्ट धरून. प्रभुभोजनाची वेळ झाली. धाकट्याचे पाय शेवटच्या बाकाकडे वळले नाहीत. तो मेजासमोर उभा राहिला, एका बाजूला बायको आणि मुलगी, मागे दादा आणि वहिनी. पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन एकेकापुढे येत होते आणि लोक हाताने तुकडा उचलून घेत होते.

ते धाकट्यापुढे आले. धाकट्याने हात पुढे करायला म्हणून बाळ जरा सरकवलं. बाळ कुरकुरलं आणि त्याने मिशी आणखी आवळली. डावा हात डोक्याखाली, उजवा पाठीखाली. कुठलाच हात निघेना. त्याने बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. आता ताट पुढे जाईल, अशी धास्ती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसली.

पाळकसाहेब हलले नाहीत. त्यांच्या गळ्यावर आज वस्तरा नव्हता.

"हात कशाला हवेत?" ते हळूच म्हणाले. "तोंड उघडा."

कालपर्यंत ज्याला कोणी दिलेलं काही फुकट घेणं जमलं नव्हतं, त्या माणसाने लहान मुलासारखं तोंड उघडलं. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा त्याच्या जिभेवर ठेवला. धाकट्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

"हलू नकोस," दादा मागून पुटपुटला, आणि त्याच्या कानामागे कालपासून राहिलेला एक केस त्याने दोन बोटांनी उचलला. धाकटा हलला नाही.